भाकरी चुलीवर, चहा गॅसवर

आपण लाइटीबद्दल बोलतो ते बहुतेक वेळा ती गेल्यावरच. "लाईट गयी" म्हणत बॅटरी शोधायची, आणि पोरं "लाईट उनी" म्हणून ओरडली की पुन्हा कामाला लागायचं. पण आपल्या गटाची मिरची कांडप, पिठाची गिरणी, शेवयांचं मशीन, गावाची नळपाणी योजना आणि विहिरीवरची मोटार, सगळं या एका तारेवर टांगलेलं आहे. मग ती तार कुठून येते, तिच्यात वीज कोण भरतं आणि त्याचा पैसा कोण देतं, हे आपल्याला माहीत असायला नको का? आज त्यातल्या एका प्रकाराबद्दल बोलू या. गॅसवर वीज तयार करणारी केंद्रं कशी चालतात, देशाच्या विजेत त्यांचं काम काय, आणि आपल्या बिलाशी त्यांचा संबंध काय.

तुम्ही म्हणाल, खान्देशात गॅसचं वीजकेंद्र आहेच कुठे? आपल्याकडे भुसावळजवळ दीपनगर आहे, पण तिथे कोळसा जळतो. साक्रीकडे पवनचक्क्या आहेत, सौर पॅनल आहेत. खरं आहे. पण आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथवर मनाने जाऊन या. भुसावळवरून, अमळनेर-शिरपूरच्या मधून, प्रकाशाच्या देवळांजवळून, उकाई धरण ओलांडून ती सुरतेला पोचते. तिच्या मुखाशी हजीरा आहे. समुद्राच्या तळातून काढलेला गॅस नळाने तिथे किनाऱ्यावर येतो. जवळच कवास नावाच्या गावी एनटीपीसी या सरकारी कंपनीचं गॅसवरचं मोठं वीजकेंद्र आहे. साधारण 656 मेगावॉटचं. त्या विजेत गुजरातबरोबर महाराष्ट्राचाही ठरलेला वाटा आहे. म्हणजे आपल्याच नदीच्या टोकाला तयार झालेली वीज तारांमधून उलटी आपल्याकडे येऊ शकते.

मेगावॉट म्हणजे किती, तेही समजून घेऊ. पाच हॉर्सपॉवरची मोटार साधारण पावणेचार किलोवॉट वीज खाते. एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट. म्हणजे एका मेगावॉटवर अशा अडीचशेहून जास्त मोटारी एकाच वेळी चालतात. आता कवासचा आकडा पुन्हा आठवा, म्हणजे अंदाज येईल.

सिलिंडरचा गॅस आणि हा गॅस एक नव्हे

आपल्या घरातल्या सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी. तो प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचा असतो आणि दाबाखाली त्याचं पाणी होतं, म्हणून तो सिलिंडरमध्ये भरता येतो. वीजकेंद्रात जळतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. गोबरगॅसमध्येही जळणारा भाग मिथेनच असतो. ज्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी आहे त्यांनी हाच वायू आपल्या शेगडीत जाळलेला आहे.

हा वायू जमिनीच्या किंवा समुद्राच्या पोटातून निघतो आणि नळाने वाहून नेला जातो. परदेशातून आणायचा असेल तर तो उणे 162 अंशांपर्यंत थंड करतात. मग त्याचा द्रव होतो आणि सहाशे घागरींचा वायू एका घागरीत मावतो. असा द्रव खास जहाजांतून गुजरातेत दहेज, हजीरा अशा बंदरांवर येतो. तिथे तो पुन्हा गरम करून वायू करतात आणि नळात सोडतात. या खटाटोपामुळे तो महाग पडतो. ही महागाई लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

वीज कशी होते ते सोपं आहे. दीपनगरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेच्या जोराने मोठं चक्र फिरवतात आणि त्या चक्राला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. गॅसच्या केंद्रात वाफेची वाट बघायची गरज नसते. हवा दाबून आत घेतात, तिच्यात गॅस पेटवतात आणि जळालेली तप्त हवा सरळ चक्राची पाती फिरवते. विमानाचं इंजिन असंच चालतं. चक्र फिरवून बाहेर पडणारी हवासुद्धा पाचशे-सहाशे अंश गरम असते. ती वाया घालवण्याऐवजी तिच्यावर पाणी उकळून वाफ करतात आणि त्या वाफेवर दुसरं चक्र फिरवतात. भाकरी झाल्यावर चुलीच्या निखाऱ्यावर आपण दूध ठेवतो किंवा वांगं भाजायला घालतो, तसंच. याला संयुक्त चक्र म्हणतात. कोळशाच्या जुन्या केंद्रात इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा विजेत बदलतो. गॅसच्या संयुक्त चक्रात निम्मा किंवा त्याहून जास्त बदलतो.

तारेत वीज साठत नाही

आता मुख्य गोष्ट. वीज धान्यासारखी नाही. कणगीत भरून ठेवली आणि लागेल तशी काढली, असं तारेतल्या विजेचं होत नाही. ज्या क्षणी तुम्ही बटण दाबता, त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्राला तेवढी वीज जास्त करावी लागते. ज्या क्षणी बंद करता, त्याच क्षणी कमी करावी लागते. 31 डिसेंबर 2013 पासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या देशाचं जाळं एकमेकांना जोडलेलं आहे. त्या जाळ्यातली सगळी मोठी जनित्रं एका तालावर फिरतात. हा ताल सेकंदाला पन्नास आवर्तनांचा, म्हणजे पन्नास हर्ट्झचा. बैलगाडीवर ओझं वाढलं की चढावर बैल मंदावतात, तसं मागणी वाढली आणि वीज पुरेशी नसली की हा ताल मंदावतो. फार मंदावला तर यंत्रं वाचवण्यासाठी केंद्रं आपोआप सुटी होतात आणि अंधार पसरतो. 30 आणि 31 जुलै 2012 ला असंच झालं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतात सुमारे 60 कोटी लोक राहतात तो सगळा भाग अंधारात गेला. आपलं पश्चिमेचं जाळं तेव्हा वाचलं.

तो ताल सांभाळण्याची कसरत आपण सगळ्यांनी एकदा पाहिली आहे, फक्त तेव्हा ते कळलं नव्हतं. 5 एप्रिल 2020, करोनाचा काळ. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं लाईट बंद करून दिवे लावायचे होते. आपण ओट्यावर पणत्या मांडल्या. त्या वेळी वीज सांभाळणाऱ्या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे 31 हजार मेगावॉटने खाली आली आणि मग तितक्याच झपाट्याने पुन्हा वर चढली. जाळं कोसळलं नाही, कारण आधीच ठरवलं होतं की पटकन कमी-जास्त होऊ शकणारी केंद्रं पुढे करायची. सगळ्यात मोठा भार जलविद्युत केंद्रांनी उचलला. कोळसा, गॅस आणि वाऱ्याच्या केंद्रांनी मिळून उरलेला सांभाळला.

इथेच गॅसच्या केंद्राचं मोल कळतं. थंड पडलेला कोळशाचा संच पूर्ण ताकदीला यायला आठ-दहा तास लागतात, कधी त्याहूनही जास्त. गॅसचं साधं चक्र अर्ध्या तासाच्या आत चालू होऊ शकतं. संयुक्त चक्राला थोडे तास लागतात, पण कोळशापेक्षा ते कितीतरी चपळ असतं.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. ज्यांच्या घरी चूल आहे आणि सिलिंडरही आहे, त्या काय करतात? रोजच्या दोन टोपलं भाकरी चुलीवर. डाळ-पाणी चुलीवर. पण अचानक पाहुणा आला की चहा गॅसवर. पोर रात्री रडायला लागलं की दूध गॅसवर. का? चूल पेटवायला वेळ लागतो, धूर होतो, पण सरपण स्वस्त पडतं. गॅस झटकन पेटतो, पण सिलिंडर भरायला गेलं की चांगलेच पैसे मोजावे लागतात. म्हणून आपण तो पुरवून पुरवून वापरतो. देशही अगदी असंच करतो. कोळसा ही देशाची चूल आहे, गॅस हा पाहुण्यासाठी राखलेला सिलिंडर.

केंद्रं मोठी, वीज थोडी

2024 साली देशात गॅसवर चालणाऱ्या केंद्रांची क्षमता सुमारे 25 हजार मेगावॉट होती. म्हणजे देशाच्या एकूण क्षमतेत शंभरातले पाच-सहा भाग. पण वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत गॅसचा वाटा शंभरात जेमतेम दोन. कोळशाचा वाटा शंभरात सुमारे पंच्याहत्तर. म्हणजे गॅसची बहुतेक केंद्रं बहुतेक वेळ नुसती उभी असतात.

असं का? कारण स्वस्त गॅस पुरेसा नाही. 1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय सापडलं. तिथल्या गॅसवर उरणला राज्याच्या वीज मंडळाने 1982 पासून केंद्र सुरू केलं. आज ते महानिर्मितीचं गॅसवरचं एकमेव केंद्र आहे, क्षमता 672 मेगावॉट. पण गॅस अपुरा मिळतो, म्हणून तेही बऱ्याचदा पूर्ण ताकदीने चालत नाही. 2009 मध्ये आंध्रच्या किनाऱ्याजवळ कृष्णा-गोदावरी खोऱ्यातून मोठ्या प्रमाणात गॅस येऊ लागला. त्या भरवशावर अनेक कंपन्यांनी केंद्रं बांधली. दोन-तीन वर्षांतच तिथला गॅस झपाट्याने घटला. 2019 मध्ये संसदेच्या समितीपुढे आलेल्या माहितीप्रमाणे 14 हजार मेगावॉटहून जास्त क्षमतेची केंद्रं गॅसअभावी अडकून पडली होती. चूल नवी, सरपण नाही, अशी गत.

दुसरं कारण, त्याच गॅसवर आणखी लोकांचा हात आहे. आपण केळीला आणि कपाशीला जो युरिया टाकतो, तो नैसर्गिक वायूपासूनच बनतो. अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना आहे, तो याच गॅसवर चालतो. शहरांतल्या सीएनजीच्या रिक्षा, नळाने घरी येणारा गॅस, हेही त्यातच. देशात निघणारा स्वस्त गॅस वाटताना घरगुती नळ, गाड्या आणि खत यांना आधी देण्याचं सरकारचं धोरण आहे. विजेला कोळसा, पाणी, ऊन असे दुसरे मार्ग आहेत. युरियाला सध्या तसा सोपा दुसरा मार्ग नाही. म्हणून विजेचा नंबर मागे लागतो.

मग बाहेरून आणायचा. देशाला लागणाऱ्या गॅसचा साधारण निम्मा भाग बाहेरून येतो, त्यात कतारचा वाटा मोठा. पण बाहेरच्या बाजारात भाव आपल्या हातात नसतो. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने जहाजाने येणारा गॅस जास्त भावाने उचलायला सुरुवात केली आणि भाव आभाळाला भिडले. त्याच एप्रिलमध्ये ऊन लवकर तापलं, कोळसा कमी पडला आणि महाराष्ट्रात भारनियमन झालं. गॅसची केंद्रं उभी होती, पण त्या भावाने गॅस घेऊन चालवणं परवडत नव्हतं.

वीज कोणाकडून आधी घ्यायची, याचा एक नियम आहे. राज्याचं भार प्रेषण केंद्र नवी मुंबईत ऐरोलीला आहे. तिथे दिवसरात्र हिशेब चालतो. ज्या केंद्राचा इंधनाचा खर्च कमी, त्याची वीज आधी. मग त्याच्या वरची, मग त्याच्या वरची. बाजारात आपणही आधी स्वस्त ढिगातली भाजी बघतो, तसं. गॅसचं नाव या यादीत बहुधा शेवटाकडे येतं. पण मागणी फार वाढली की शेवटाकडेही जावं लागतं. 2024 च्या उन्हाळ्यात तेच झालं. केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम 11 खाली आदेश काढला की 1 मे ते 30 जून गॅसची केंद्रं चालवायला सज्ज ठेवायची. त्याच उन्हाळ्यात, 30 मे रोजी, देशाची मागणी सुमारे अडीच लाख मेगावॉटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आपण कूलर लावतो, आणि तसे कोट्यवधी कूलर एकाच वेळी लागलेले असतात.

दाभोळचा धडा

गॅसच्या केंद्राबद्दल बोलायचं आणि दाभोळ विसरायचं, हे महाराष्ट्रात शक्य नाही. नाव दाभोळचं, पण केंद्र आहे वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी वीज मंडळाचा करार डिसेंबर 1993 मध्ये झाला. 1995 मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, पुढच्या वर्षी बदल करून पुन्हा केला. मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही गॅसवर नाही, नाफ्त्यावर. गॅस उतरवायचं बंदर अजून व्हायचं होतं.

अडचण यंत्रात नव्हती, करारात होती. वीज घेतली नाही तरी केंद्राचा स्थिर खर्च मंडळाने द्यायचा, असं त्यात होतं. इंधन परदेशी, आणि पैशाचा हिशेब डॉलरशी बांधलेला. डॉलर वाढला, नाफ्ता महागला की वीज महाग. मंडळाला ती परवडेना. मे 2001 मध्ये केंद्र बंद पडलं आणि डिसेंबर 2001 मध्ये एन्रॉन कंपनी अमेरिकेतच दिवाळ्यात निघाली. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली. केंद्र पुन्हा चाललं, गॅस आटल्यावर 2013 मध्ये पुन्हा थांबलं, आणि 2015 च्या शेवटापासून काही वर्षं रेल्वेला वीज देत राहिलं.

या गोष्टीत बायकांचं एक पान आहे, ते विसरू नये. केंद्राच्या शेजारच्या वेलदूर गावच्या कोळी बायका आपल्या मासेमारीचं आणि पाण्याचं काय होणार, असं विचारत विरोधात उभ्या राहिल्या होत्या. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस गावात शिरले, बायकांना घरांतून ओढून मारहाण केली आणि पकडून नेलं, अशी नोंद आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांच्या अहवालांत आहे. त्या बायकांना मेगावॉटचं गणित येत नसेल, पण "हे आम्हाला कितीला पडणार?" हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. पुढे तोच प्रश्न सगळ्या महाराष्ट्राला विचारावा लागला.

मग गॅसचं केंद्र चांगलं की वाईट?

दोन्ही बाजू बघू. दीपनगरच्या आसपास राहणाऱ्या बायकांना राख म्हणजे काय ते सांगायला नको. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कपाशीच्या पानांवर ती बसते. गॅस जळला की राख उरत नाही. त्याच युनिट विजेमागे कोळशाच्या साधारण निम्माच कार्बन डायऑक्साइड निघतो. पाणीही कमी लागतं, आणि हतनूरच्या पाण्यावर शेती, गावं आणि वीज असे तिघे अवलंबून असताना ही लहान गोष्ट नाही. पण विहिरीत किंवा नळात गळती झाली तर मिथेन सरळ हवेत जातो, आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जहाल आहे. आणि इंधन परक्याच्या हातात राहतं, हा धोका वेगळाच.

आता साक्रीकडे वळा. तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून आहे. ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. ऊन आणि वारा आपल्याकडे फुकट आहे, कोणत्याही देशाकडून आणावा लागत नाही. देशात सौर क्षमता जानेवारी 2025 मध्ये एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. यामुळेच शेतीला दिवसा वीज देण्याची भाषा आता खरी होऊ लागली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. रात्रीच्या पाळीची लाईट आली की घरचा माणूस विंचू-साप, बिबट्याच्या भीतीत बांधावर जातो आणि आपण दाराकडे डोळे लावून जागत राहतो. दिवसा वीज मिळाली तर ही रात्र टळते. सौर ऊर्जेचा आपल्यासाठी सगळ्यात मोठा अर्थ हा आहे.

पण सूर्य मावळतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत सौर वीज शून्यावर येते आणि नेमके त्याच वेळी घरोघर दिवे, पंखे, टीव्ही आणि मिक्सर चालू होतात. देशाची खरी कसोटी आता दुपारी नाही, दिवेलागणीला आहे. त्या तीन-चार तासांसाठी झटकन उठणारं कोणीतरी हवं. धरणाचं पाणी आहे, कोयनेसारखं. घाटघरला 250 मेगावॉटचं केंद्र आहे, तिथे वीज जास्त असताना पाणी वरच्या तलावात चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतात. मोठ्या बॅटऱ्या येत आहेत, त्या वर्षागणिक स्वस्त होत आहेत. आणि हे सगळं पुरेल एवढं उभं राहीपर्यंत गॅसची केंद्रं आहेत. पोटभर जेवण त्यांच्यावर शिजणार नाही. अडीनडीला मात्र ती लागतील, आणि अडीनडीसाठी ठेवलेल्या वस्तूचाही खर्च असतो.

हे बिलात कुठे दिसतं?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं वीजबिल घेऊन या. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी आहेत. एक ओळ असते इंधन समायोजन आकाराची. दर ठरवताना वीजखरेदीचा जो अंदाज धरलेला असतो, त्यापेक्षा प्रत्यक्षात कोळसा, गॅस किंवा बाहेरून घेतलेली वीज महाग पडली, तर तो फरक या ओळीतून आपल्याकडून घेतला जातो. परदेशातल्या लढाईचा झटका फैजपूरच्या किंवा शिंदखेड्याच्या बिलात येतो तो या वाटेने. ही ओळ वाढली तर का वाढली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

विचारायचं कुठे? विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. दर बदलण्याआधी कंपनीला वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, लोकांकडून सूचना आणि हरकती मागवाव्या लागतात आणि जनसुनावणी होते. तिथे कारखानदार वकील घेऊन येतात. बचत गटाची बाई क्वचितच दिसते. पण गटाच्या कागदावर, साध्या मराठीत, सह्या करून पाठवलेली हरकतही हरकतच असते. त्यात तीन प्रश्न विचारा. जी केंद्रं बंद उभी आहेत त्यांचा स्थिर खर्च आमच्या दरात किती आहे? संध्याकाळची महाग वीज किती घेतली? आणि आमच्या भागात शेतीला दिवसा वीज कधी मिळणार?

दुसरं काम आपल्या हातातलं आहे. गिरणी, कांडप, शेवयांचं मशीन, टाकी भरायची मोटार ही कामं जमेल तेवढी सकाळी दहा ते चारच्या दरम्यान उरकू या. तेव्हा ऊन असतं, वीज भरपूर असते. स्मार्ट मीटर बसलं असेल तर दिवसाच्या वापराला काही सवलत लागू आहे का, ते बिलात बघा किंवा वीज कार्यालयात विचारा. दिवेलागणीच्या वेळी सगळ्या गावाने एकदम मोटारी लावल्या की व्होल्टेज पडतं आणि मोटार जळते, ते रिवाइंड करायचा खर्चही आपलाच. लाईट गेली, तार तुटली, डीपी जळाली तर 1912 या नंबरावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. वहीतला क्रमांक पुढे कामाला येतो.

घरात चूल कधी पेटवायची, गॅस कधी लावायचा, सिलिंडर किती दिवस पुरवायचा, हा हिशेब बाईइतका कोणालाच जमत नाही. देशाच्या विजेचा हिशेबही त्याच जातीचा आहे, फक्त आकडे मोठे आहेत. आकड्यांना घाबरून तो दुसऱ्यांच्या हाती सोडून देऊ नका. पुढच्या महिन्यात आपल्या गटांनी बिलांवरून काढलेले प्रश्न आम्हाला केंद्रावर पाठवा. त्यातले प्रश्न घेऊन आपण पुन्हा बोलू. तोवर राम राम.